डावीकडचा ठिपका

माझ्या डाव्या हातावर, मनगटापासून चार बोटं वर, आतल्या बाजूला एक तुळशीवृंदावन आहे. गेल्या फाल्गुनात काढून घेतलं. पाहणारे आधी विचारतात, "मेंदी का?" मग हात जवळ ओढून म्हणतात, "अय्या, टॅटू! पण जरा वाकडं आलंय का गं?"

हो, वाकडं आलंय. ते वाकडंच यावं म्हणून मी एका पंचविशीतल्या मुलाशी वीस मिनिटं हुज्जत घातली आणि वर 3,000 रुपये मोजले.

हे वृंदावन माझ्या आजीच्या हातावरचं. निदान मी तसं सांगते. त्यात आजीचं किती, आत्याचं किती आणि माझ्या पदरचं किती, हे आता मलाही नीट वेगळं करता येत नाही. तो घोळ सांगायलाच बसले आहे.

आजी माण तालुक्यातली. साताऱ्याचा हा पूर्वेकडचा भाग, पाऊस घाटमाथ्यावर सगळा ओतून झाला की उरलासुरला इकडे येतो. तिच्या जन्माचं साल कुणाला माहीत नाही. आधार कार्डावर 1 जानेवारी आहे, तशी ती गावातल्या अर्ध्या म्हाताऱ्यांच्या कार्डावर आहे. 1972 च्या दुष्काळात तिनं खडी फोडली, सुकडी खाल्ली, मस्टरवर अंगठा उठवला. शाळेची पायरी चढली नाही. पण तिच्या अंगावर अक्षरं होती, आणि ती मी वाचली, ही माझी तिच्याबद्दलची पहिली पक्की आठवण.

मी दुसरीत होते. नुकतं वाचता येऊ लागलं की पोरं दुकानाच्या पाट्या, एसटीवरची नावं, तेलाचे डबे, जे दिसेल ते मोठ्यानं वाचत सुटतात. त्या उन्हाळ्यात मी आजीचा उजवा हात वाचला. त्यावर हिरवट निळ्या, थोड्या पसरलेल्या अक्षरांत आजोबांचं नाव होतं. आणि मधल्या अक्षराची वेलांटी चुकलेली होती. दीर्घ हवी तिथं ऱ्हस्व.

"आजी, हे चुकलंय."

"चुकंना का. मला कुटं वाचाय येतंय?"

"आजोबांनी नाही सांगितलं?"

"त्येंनाबी कुटं येत हुतं."

गोंदणाऱ्याला तरी येत होतं का, कुणास ठाऊक. शिखर शिंगणापूरच्या यात्रेत, लग्नानंतरच्या पहिल्या चैत्रात, सासूनं हाताला धरून बसवलं आणि नाव घालून घेतलं. ज्या माणसाचं नाव तोंडानं उच्चारायचं नाही, उखाण्यात लपवून घ्यायचं, ते सगळ्या जगाला दिसेल असं हातावर. आजीनं आजोबांचं नाव मरेपर्यंत घेतलं नाही. 'ह्यांनी', 'त्येंनी', फार तर 'तुज्या बापाच्या बापानं'. म्हणून मीही ते इथं लिहीत नाही.

डाव्या हातावरचं वृंदावन त्याच्या बरंच आधीचं, माहेरचं. सुगी उरकली की गोंदणाऱ्या बाया गावात यायच्या, वेशीजवळ पाल टाकायच्या. दिव्याची काजळी करवंटीत खललेली, दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या तीनचार सुया. एक बाई टोचायची आणि टोचता टोचता गाणं म्हणायची, म्हणजे पोरगी रडली तरी ते गाण्यात बुडून जावं. आजीला दोन चुलत्यांनी दाबून धरलं होतं. म्हणजे चुलत्यांच्या बायकांनी. पुरुष तिथं फिरकायचे नाहीत. वर हळद-तेल चोपडायचं, मजुरी पायलीभर बाजरी. हे सगळं ती इतक्या चवीनं सांगायची की मी एकदा विचारलंच, एवढं दुखलं तर कशाला केलं? तर म्हणाली, "बिनगोंदणाची पोर म्हंजी बिनसारवल्याली भित."

आणि दुसरं एक कारण ती सांगायची. ते अर्ध्या महाराष्ट्रातल्या आज्यांनी आपापल्या नातवंडांना सांगितलं असेल. "मेल्यावर संगं काय येतंय? सोनं काढून घेत्यात. लुगडंबी जाळत्यात. ह्ये कोण काढतंय?"

1991 साली आजोबा गेले. मी तान्ही होते, त्यामुळे हे ऐकीव. बायकांनी आजीला न्हाणीत नेलं, बांगड्या फोडल्या, डोरलं उतरवलं, कुंकू पुसलं. कुंकवाच्या खाली, दोन भुवयांच्या मधोमध, तिची गोंदणाची उभी रेघ आणि खाली ठिपका होता. तो राहिला. उजव्या हातावरचं चुकीच्या वेलांटीचं नावही राहिलं. पुढं अठ्ठावीस वर्षं ती बिनकुंकवाची वावरली, पण लांबून पाहणाऱ्याला तिच्या कपाळावर काहीतरी आहे असंच वाटायचं. नव्या सुना पाया पडताना गोंधळायच्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं 2022 च्या मे महिन्यात विधवांच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही असा ठराव केला, तेव्हा ती बातमी वाचून मला आजीचं कपाळ आठवलं. तोवर तिला जाऊन तीन वर्षं झाली होती.

आता माझ्याबद्दल. मी बँकेत आहे, पुण्यात. टॅटूवाल्यांची माझी कधी जात नव्हती. कॉलेजात मैत्रिणी खांद्यावर फुलपाखरं काढून घेत होत्या तेव्हा मी सुईला घाबरत होते, अजूनही घाबरते. पण आजी गेल्यावर घरातल्या वस्तूंची वाटणी झाली. वाटणी म्हणजे काय, एक पितळी तांब्या, जातं, दोन इरकली लुगडी, मोडीत निघालेल्या पाटल्या. पाटल्यांवरून जे बोलणं झालं ते इथं नको. माझ्या वाट्याला तांब्या आला आणि तो मी माळ्यावर टाकला. पाचेक वर्षांनी एके दिवशी लोकल बसमध्ये समोर एक म्हातारी बसली होती, तिच्या हातावर अगदी तसंच वृंदावन. मी बघत राहिले, तिनं पदर ओढून हात झाकला. घरी येऊन मी ठरवलं.

ठरवणं सोपं. चित्र कुठून आणायचं?

घरातले सगळे फोटो काढले. आजी फोटोला बसली की पदरात हात गुंडाळून घ्यायची, जणू थंडी आहे. हात दिसणारा एकच फोटो सापडला, चुलत भावाच्या बारशाचा. आजीच्या डाव्या हातावर बाळ आहे, आणि वृंदावनाच्या खालच्या अर्ध्या भागावर बाळाचं झबलं. वरची तुळस दिसते, तीही धूसर. त्या बाळाला, म्हणजे आता सहा फूट उंच असलेल्या भावाला, मी फोन करून शिव्या दिल्या.

मग दिवाळीत सगळे जमले तेव्हा विषय काढला. आणि घोटाळ्याला सुरुवात झाली.

तात्या म्हणाले, तुळशीला पाच पानं होती. थोरले काका म्हणाले, छे, तीन, आणि खाली दोन विंचू. विंचू ऐकून सगळे चपापले. आई, म्हणजे आजीची धाकटी सून, तिनं पंचवीस वर्षं त्या हाताशेजारी भाकरी थापल्या, ती ठामपणे म्हणाली, "वृंदावन कसलं? मोर होता."

"मोर?"

"मोर. मान अशी वळवलेली."

यावर अर्धा तास वाद झाला. नंतर माझ्या लक्षात आलं की आईनं तो हात स्थिर असा कधी पाहिलाच नसेल. परातीत पीठ मळताना, तव्यावर भाकरी टाकताना, चुलीत जाळ सारताना. तो हात तिच्यासमोर कायम हलत होता. हलत्या हातावर तुळशीचा मोर होणं अगदी शक्य आहे. शिवाय सुनेनं सासूच्या हाताकडे टक लावून बघायचं नसतं.

आत्या या सगळ्यात गप्प होती. ती कोपऱ्यात शेंगा सोलत बसली होती. शेवटच्या दोन महिन्यांत आजीचं अंग पुसणं, तेल लावणं, कूस बदलणं तिनंच केलं होतं. वाद विझल्यावर ती म्हणाली, "पेन दे." शेजारी कुणाच्यातरी लग्नाची पत्रिका पडली होती. तिच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर आत्यानं बॉलपेननं काढलं. आधी एक चौकट, तिच्यात फुली. चौकटीवर छोटी चौकट. त्यावर तीन पानांची तुळस. बाजूला ठिपके, डावीकडे तीन, उजवीकडे चार. हात थरथरत होता, तिला साठी उलटून गेलीय, रेघा हलत होत्या. पण एकदाही थांबली नाही.

"डावीकडं तीनच?"

"तीनच. चौथ्याला आई उठून पळाली म्हणं."

ही गोष्ट आजीनं मला कधीच सांगितली नव्हती.

मी पत्रिका घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि उत्साहात म्हणाले, "आत्या, तूपण काढ ना माझ्यासोबत." आत्यानं मान वर केली. तिच्या हनुवटीवर एक पांढरट, चकाकता डाग आहे, चण्याच्या डाळीएवढा. लहानपणापासून मी तो पाहत आले. कांजिण्यांचा असेल असं समजत होते, विचारलं कधी नाही.

"माझं होतं की," ती म्हणाली. "इथं."

पाच वर्षांची असताना आजीनंच तिला गोंदवलं होतं, हनुवटीवर एक ठिपका. आत्या शिकली. घराण्यातली पहिली बाई, डी.एड. करायला साताऱ्याला गेली. वसतिगृहात शहरातल्या मुली तिला एका शब्दानं हाक मारायच्या, तो शब्द तिनं मला सांगितला नाही. एवढंच म्हणाली, "तोंडावर लिवल्यागत हुतं, ही कुठनं आलीय ते." ऐन परीक्षेच्या दिवसांत तिनं चुन्यात काहीबाही कालवून तो ठिपका जाळला. हनुवटी सुजली, पू झाला, दोन आठवडे तोंड उघडता येईना. ठिपका गेला आणि डाग आला. मास्तरीण झाली, तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. आजीनं ती हनुवटी बघितली तेव्हा ती काय बोलली, असं मी विचारलं. "काय न्हाई. खोबरेल लावलं."

मी गप्प बसले. जो ठिपका अंगावरून जावा म्हणून ती भाजून घेते, तो मी पैसे देऊन अंगावर आणणार. तिनं फेडलेलं मी हौसेनं नेसणार. माझ्या इंग्रजी शाळेमागे, बँकेतल्या नोकरीमागे तिची ती शिकवणी आहेच की. पाचवीपर्यंतचं गणित तिनं घेतलं माझं. माझ्या हातावरचं गोंदण पाहून मला कुणी अडाणी म्हणणार नाही. फार तर 'किती एथनिक' म्हणतील, आणि तेही ऐकायला मला तितकंसं आवडणार नाही. चार महिने मी ती पत्रिका पर्समधून काढलीच नाही.

शेवटी आत्याचाच फोन आला. "काडलंस का?" म्हणाली. "मग माझा कागुद कशाला नेलास?"

डेक्कनजवळच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर स्टुडिओ. आत दवाखान्यासारखा स्पिरिटचा वास. मुलगा सांगलीकडचा, बोलायला गोड, दोन्ही दंड भरलेले. त्यानं माझ्यासमोर सीलबंद सुई फोडली, हातमोजे चढवले, शाईची टोपीएवढी वाटी नवी घेतली. मी बँकेतली असल्यानं हे सगळं तपासून घेतलं. एकाच सुईनं दहा जणांना टोचण्यातून काविळीपासून एचआयव्हीपर्यंत काय काय जाऊ शकतं याची उजळणी मी आदल्या रात्री केली होती. आजीच्या वेळी त्याच तीन-चार सुया अख्ख्या वेशीला पुरायच्या. त्या आठवणींतलं गाणं तेवढं सांगायचं आणि हे गाळायचं, असं करून चालणार नाही.

त्याच्याकडे काय काय काढायला येतात हे त्यानं गप्पांत सांगितलं. सगळ्यात जास्त 'आई'. देवनागरीत, बाळाच्या पावलासकट किंवा हृदयाच्या ठोक्यांच्या रेघेसकट. मग राजमुद्रा, त्रिशूळ, वडिलांचा चेहरा. एक जण 'आईचा आर्शिवाद' लिहून घेऊन आला होता. यानं सांगितलं, दादा, 'आशीर्वाद' असं असतं. तो ऐकेना, म्हणे आमच्या गाडीवर पण असंच आहे. शेवटी त्याच्या बहिणीला फोन लावला तेव्हा पटलं. मला आजीचा उजवा हात आठवला. तिथं फोन लावायला कुणी नव्हतं.

पत्रिकेवरचं चित्र त्यानं स्कॅन केलं, टॅबवर घेतलं आणि तीस सेकंदांत सरळ केलं. चौकट काटकोनात, ठिपके दोन्हीकडे चार-चार, समान अंतरावर. "आता बघा," म्हणाला. सुंदर दिसत होतं. वॉशिंग पावडरच्या जाहिरातीतल्या वृंदावनासारखं.

मी म्हटलं, जसं आहे तसं हवं.

"ताई, रेघा हललेल्या आहेत."

"हललेल्याच हव्यात."

"लोक मला नावं ठेवतील, याचा हात थरथरतो म्हणून."

त्याचंही खरं होतं. आणि खरं सांगायचं तर मलाही नक्की माहीत नव्हतं की मी कुणाची थरथर जपतेय. गोंदणारणीची रेघ मुळात सरळ असेल. सत्तर-पंचाहत्तर वर्षं कातडीत राहून शाई पसरली, रेघ फुगली, काळ्याची हिरवट झाली. ती पसरलेली रेघ आत्याच्या डोळ्यांनी पाहिली आणि तिच्या साठीच्या हातानं काढली. या तिघांतलं वाकडं कुणाचं? मुलाला हे सगळं सांगत बसले नाही. तो वैतागून 'तुमची मर्जी' म्हणाला, जांभळ्या शाईचा छाप हातावर उठवला आणि यंत्र सुरू केलं.

हे यंत्र मुळात नक्कल काढायच्या खटपटीतून आलंय, हे मला फार आवडतं. एडिसननं 1876 साली विजेवर चालणाऱ्या लेखणीचं पेटंट घेतलं. ती कागदाला भराभर भोकं पाडायची, मग त्या भोकांतून शाई फिरवून एका पत्राच्या अनेक प्रती काढायच्या. पुढं 1891 मध्ये न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओ'रायली यानं त्याच कल्पनेवरून गोंदायचं विजेचं यंत्र पेटंट केलं. आपल्याकडे ते कधीच जत्रेत पोचलं. बॅटरीवर घरघरणारं यंत्र आणि फळकुटावर चिकटवलेले बदाम, विंचू, महादेवाची पिंड मी स्वतः शिंगणापुरात पाहिलेत.

दुखलं. मनगटाकडे जास्त. तापल्या तव्यावरून कुणी बोट ओढत नेतंय असं. गाणं म्हणायला कुणी नव्हतं, स्पीकरवर काहीतरी धडधडत होतं. चाळीस मिनिटं. डावीकडचा तिसरा ठिपका झाला आणि मुलानं सवयीनं चौथ्यासाठी सुई नेली, तर मी हात झटकन मागे घेतला. तो दचकला. आजी इथूनच पळाली होती.

वर पारदर्शक पट्टी लावून दिली. उन्हात नको, पोहायला नको, खपली धरली तर खाजवू नको. वाटेल तेव्हा काढताही येतो म्हणाला, लेझरनं. काळी शाई त्यातल्या त्यात लवकर जाते. मला आत्याची हनुवटी आठवली. बँकेत कुणी फारसं काही बोललं नाही. रक्तदान शिबिरात मात्र वर्षभर थांबायला सांगितलं, त्याचं जरा वाईट वाटलं, कारण तो एक दिवस मी कधी चुकवत नाही.

खपली निघेपर्यंतच्या दिवसांत मी शाई कातडीत टिकते कशी ते वाचत बसले. वरची कातडी तर महिना-सव्वा महिन्यात नवी होते. शाई तिच्या खालच्या थरात जाते. तिथं शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी येतात, शाईचे कण गिळतात, आणि ते पचवता येईनात म्हणून पोटात घेऊन तिथंच बसून राहतात. पण त्या पेशी काही जन्मभर जगत नाहीत. 2018 साली फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांच्या शेपटीवर गोंदून पाहिलं आणि त्या पेशी मुद्दाम मारल्या. मेलेल्या पेशीतून शाई सुटली, ती लगेच शेजारी आलेल्या नव्या पेशींनी उचलली, आणि चित्र हललं नाही. आजीच्या हातावरची शाई अशी किती वेळा हातोहात गेली असेल. प्रत्येक वेळी कण-दोन कण इकडेतिकडे सरकले असणार, म्हणून तर रेघ पसरते.

पाडव्याला फलटणला गेले, आत्याकडे. गुढी उतरवायच्या आधी पोचायला हवं म्हणून सकाळची एसटी धरली. आत्यानं दार उघडल्या उघडल्या हात धरला, ओसरीत उजेडात नेला, चष्मा लावला. बराच वेळ काही बोलली नाही. मग अंगठा तुळशीवर ठेवून जरा दाबला, खरं आहे का बघतात तसा.

"दुखलं?"

"हो."

"आई म्हणायची, न्हाई दुखलं."

"मला तर म्हणायची लई दुखलं."

"तुला म्हणायची," आत्या म्हणाली. "मला धरून बसवायचं हुतं तिला."

आत जाऊन तिनं श्रीखंडाची वाटी आणली, ठेवली, आणि परत हात ओढला. चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली घेतला.

"डावीकडचा ह्यो ठिपका जरा खाली हुता."

"आत्या, तूच काढून दिलंस ना. पत्रिका आहे माझ्याकडे, दाखवू?"

"कागदावर चुकला असंल. हातावर बघितल्यावर ध्यानात येतंय." तिनं खुंटीवरच्या कॅलेंडराला अडकवलेलं बॉलपेन घेतलं, माझा हात मांडीवर पालथा, मग उताणा केला, आणि तिसऱ्या ठिपक्याच्या खाली, गव्हाच्या दाण्याएवढ्या अंतरावर, एक निळा ठिपका दिला. हात लांब धरून पाहिला. "हां. हितं."

दुपारच्या एसटीत मी बाही वर सारून बसले होते. दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना हात पाण्याबाहेर धरला. तिसऱ्या दिवशी विसरले.